झाकणाखालचा प्रश्न

सेलूच्या बाजूच्या एका गावातील सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीची नोंद एका जुन्या लॅपटॉपवर ठेवली जाते. तेथे सर्व्हर म्हणून लॅपटॉप ठेवण्यामागे कोणतीही तांत्रिक दूरदृष्टी नाही. लाईट गेली तरी बॅटरीवर तासभर निभावते आणि वेगळा इन्व्हर्टर घ्यावा लागत नाही, एवढेच त्याचे कारण. लॅपटॉप कपाटाच्या वरच्या फळीवर असतो आणि उन्हाळ्यात रस्त्यावरचा फुफाटा थेट आत येत असल्यामुळे त्याचे झाकण कायम लावलेले असते. त्याच्यावरील डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ११ व्या आवृत्तीवरून १२ व्या आवृत्तीवर जायचे ठरले, तेव्हा वाचनालय बंद करण्याच्या सुमारास ग्रंथपाल ताईंनी मी फोनवर सांगितलेल्या आज्ञा एकेक करून टाइप केल्या, पडद्यावर ओळी सरकू लागल्याची खात्री केली आणि हे काम बराच वेळ चालणार म्हणून नेहमीप्रमाणे झाकण लावून त्या घरी गेल्या. सकाळी त्यांचा फोन आला. "सर, हे रात्रीपासून तसंच थांबलंय बघा. काहीतरी विचारायलंय. काय सांगू?" पाठोपाठ पडद्याचा एक फोटो आला, काहीसा तिरपा, पंख्याच्या पात्याचे प्रतिबिंब पडलेला.

फोटोत डेबियनचा तो सुप्रसिद्ध प्रश्न होता. ही कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, बसवल्यानंतर तुम्ही किंवा एखाद्या स्क्रिप्टने बदललेली आहे. पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचा गठ्ठा, पुरवणाऱ्यांनी तिची नवी प्रत पाठवली आहे. आता काय करायचे? नवी प्रत हवी असेल तर वाय, आहे तीच ठेवायची असेल तर एन, दोन्हींतला फरक पाहायचा असेल तर डी, आणि बाहेर जाऊन स्वतः तपासायचे असेल तर झेड. काहीच न सांगता एंटर दाबला, तर आहे तीच प्रत राहते. फाइल होती ईटीसी या सेटिंगच्या डिरेक्टरीतली, यंत्राचा कारभार चालवणाऱ्या सिस्टमडीची लॉगिनडी.कॉन्फ, म्हणजे लॅपटॉपचे झाकण लावल्यावर, पॉवरचे बटण दाबल्यावर यंत्राने काय करायचे हे जिच्यात लिहिलेले असते ती. झाकण लावले की झोपी जायचे, हा तिथला मूळचा शिरस्ता. कोणीतरी तो बदलून ठेवलेला असल्यामुळेच हे यंत्र रात्रभर झाकणाखाली जागे राहू शकले होते, आणि जागे राहून त्याच बदलाविषयी विचारत थांबले होते.

हा प्रश्न माझ्या मनातून बरेच दिवस जाईना.

वास्तविक ताईंनी दिलेल्या आज्ञेत 'सगळ्याला होय' असा पर्याय होता आणि पॅकेजांनी मध्येच काही विचारू नये यासाठीची व्यवस्थाही केलेली होती. पण त्या दोन्ही गोष्टींचा अधिकार एका हद्दीपर्यंतच चालतो. 'होय' हे ॲप्टला उद्देशून असते; कोणती पॅकेजे आणायची आणि कोणती काढायची, तेवढ्यापुरते. न विचारण्याची सूचना डेबकॉन्फला असते. बसवताना विचारायच्या ठरावीक प्रश्नांपुरती. माणसाने हाताने बदललेल्या फाइलचा विषय निघाला की प्रत्यक्ष पॅकेज उलगडणारा डीपीकेजी या दोघांचेही ऐकत नाही आणि स्वतः विचारतो. त्याला गप्प करायचे असेल तर 'जुनेच ठेव' किंवा 'नवेच घे' असे त्याला वेगळे, स्पष्ट शब्दांत बजावावे लागते. मी ते सहसा बजावत नाही. रात्री आपोआप चालणाऱ्या सुरक्षा-अद्ययावतीची तर याबाबतीत फारच सावध रीत आहे: एखाद्या पॅकेजमुळे असा प्रश्न उभा राहणार असे दिसले की ते पॅकेजच त्या रात्री बाजूला ठेवले जाते. एका ओळीसाठी अख्ख्या वाचनालयाचे काम अडवून धरणे हा सभ्यपणा म्हणायचा की हटवादीपणा, याचे उत्तर मला स्वतःला देता येत नव्हते, आणि फोनवर ताई वाट पाहत होत्या.

डीपीकेजी दरवेळी विचारत बसतो असेही नाही. पॅकेज बसवताना तो अशा प्रत्येक फाइलचे चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, आपल्या नोंदीत लिहून ठेवतो. पुढच्या अपग्रेडच्या वेळी त्याच्यासमोर तीन गोष्टी असतात: मागच्या वेळी आलेल्या मूळ प्रतीचे चेकसम, आज डिस्कवर असलेली प्रत आणि नव्याने आलेली प्रत. तुम्ही फाइलला हात लावलेला नसेल तर नवी प्रत निमूटपणे बसते. तुम्ही बदल केला असेल पण पाठवणाऱ्याने काहीच बदललेले नसेल, तर तुमची प्रत निमूटपणे राहते. दोघांनीही बदल केला असेल तरच तो थांबतो. यातली मला सर्वांत आवडणारी बाजू वेगळीच आहे. तुम्ही एखादी कॉन्फिग फाइल जाणूनबुजून पुसून टाकली असेल, तर पुढच्या अपग्रेडमध्ये डीपीकेजी ती आपणहून परत आणून ठेवत नाही. फाइल नसणे हाही घरमालकाचा निर्णय असू शकतो, असे तो धरून चालतो. इयान जॅक्सन यांनी १९९४ मध्ये डीपीकेजी सी भाषेत नव्याने लिहिला. डेबियनचा प्रकल्प सुरू होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष होत होते. आजही डेबियनच्या धोरण-पुस्तिकेत नियम स्वच्छ शब्दांत दिलेला आहे: अपग्रेड करताना स्थानिक बदल जपलेच पाहिजेत, आणि पॅकेज काढले तरी कॉन्फिग फाइली राहिल्या पाहिजेत; समूळ काढण्याची वेगळी आज्ञा दिली तरच त्या जाव्यात.

ताईंना मी डी दाबायला सांगितले. दुसरा फोटो आला.

त्या फोटोतल्या डाव्या कडेला एका खाली एक अधिक आणि उणे चिन्हे होती. उणे म्हणजे वाचनालयाच्या प्रतीत असलेली आणि नव्या प्रतीत नसलेली ओळ. अधिक म्हणजे नव्याने येऊ घातलेली. अधिकच्या बाजूला पॉवरचे बटण दीर्घकाळ दाबले तर काय करायचे, अशा काही नव्या ओळी होत्या, पण त्या सर्वांच्या आधी हॅशचे चिन्ह होते. म्हणजे त्या केवळ माहितीपुरत्या. यंत्र आपोआप जे करणारच आहे तेच त्यांत वाचणाऱ्यासाठी लिहून ठेवलेले. उणेच्या बाजूला दोन ओळी होत्या. एक, हँडललिडस्विच बरोबर इग्नोर. आणि तिच्या वर, हॅशच्या मागे, देवनागरीत: 'झाकण लावलं तरी बंद पडू नये. लाईट गेली की पोरं झाकण लावतेत.' टर्मिनलच्या फाँटमध्ये अक्षरे थोडी विस्कटली होती, 'गेली'ची वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन चिकटली होती, पण वाचता येत होते. आधीचा ऑपरेटर, जो पुढे पुण्याला कंपनीत गेला, त्यानेच ते लिहिले असणार. एवढ्या मोठ्या प्रश्नोत्तराच्या मुळाशी पाहिले, तर एका बाजूला निव्वळ माहितीच्या ओळी होत्या आणि दुसऱ्या बाजूला एकच खरी सूचना होती, तीही तिचे कारण सांगून. वाय दाबला असता तर जुनी प्रत पुसली गेली नसती, तिच्या नावाला डीपीकेजी-ओल्ड असे शेपूट लागून ती तिथेच पडून राहिली असती; पण दुसऱ्या दिवशी कोणीतरी झाकण लावल्याबरोबर सर्व्हर झोपी गेला असता, आणि देवघेवीचे काम का थांबले याचा शोध घेणाऱ्याला त्या शेपटाच्या फाइलपर्यंत पोहोचायला फार वेळ लागला असता.

येथे डीपीकेजीची एक मर्यादाही लक्षात येते, आणि ती मला खटकते. त्याच्या नोंदीत मूळ प्रतीचे केवळ चेकसम असते, मजकूर नसतो. मूळ प्रत बदलली गेली आहे एवढे त्याला कळते. काय बदलले ते कळत नाही. डी दाबल्यावर तो तुमची आजची प्रत आणि नवी प्रत यांतला फरक दाखवतो, त्यामुळे उणेच्या ओळींपैकी आपण हाताने घातलेल्या कोणत्या आणि पाठवणाऱ्याच्याच मागल्या प्रतीतून आलेल्या कोणत्या, हे वाचणाऱ्याने स्वतःच ओळखायचे असते. ज्याने बदल केला तो समोर बसलेला असेल तर अडचण नाही. पण आपल्याकडच्या शाळा, वाचनालये, सोसायट्या यांच्या यंत्रांवर बदल करणारा आणि प्रश्नाचे उत्तर देणारा ही बहुधा दोन वेगळी माणसे असतात आणि त्यांची गाठ कधी पडलेली नसते. त्यासाठीच मी जिथे शक्य असेल तिथे ईटीसी डिरेक्टरी ईटीसीकीपर नावाच्या प्रोग्रामच्या स्वाधीन करतो. प्रत्येक पॅकेज बसवण्याच्या आधी आणि नंतर तो सगळ्या फाइलींची अवस्था गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात टिपून ठेवतो, त्यामुळे कोणती ओळ कधी आली हे मागाहून शोधता येते. काही पॅकेजे यूसीएफ नावाच्या साधनावर विसंबतात. ते मूळ प्रतही जपून ठेवू शकते आणि तिच्या आधारे दोन्हींकडचे बदल एकत्र करण्याचा पर्याय देते. मात्र कोणते पॅकेज कोणती वाट धरील हे पॅकेज तयार करणाऱ्यावर अवलंबून असते.

आमच्याकडे सातबाऱ्यावर नवे नाव चढवायचे असेल तर आधी गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद घालतात, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात आणि मगच मंडळ अधिकारी ती नोंद मंजूर करतात. निजामाच्या काळातली कागदपत्रे, पुढचे खासरा पत्रक आणि आजचा संगणकीकृत उतारा यांचा मेळ घालता घालता ज्याची चप्पल झिजली आहे असा माणूस मराठवाड्यात घरटी एक सापडेल, त्यामुळे 'नोंद बदलण्याआधी विचारले का?' हा प्रश्न आम्हाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. पण त्या व्यवस्थेत आणि डीपीकेजीत एक मोठा फरक आहे. फेरफारात गप्प बसणे म्हणजे संमती. मुदतीत हरकत आली नाही की नवी नोंद मंजूर होते, आणि नोटीस हाती पडलीच नव्हती हे सांगत पुढची कैक वर्षे तहसीलच्या पायऱ्या चढाव्या लागतात. डीपीकेजीच्या दारी गप्प बसणे म्हणजे हरकत. तुम्ही काही बोलला नाहीत, न वाचता एंटर दाबला, तरी ताबा जुन्याचाच राहतो. ज्या माणसाला पडद्यावरचे इंग्रजी नीट उमगत नाही, ज्याला चुकून काही बिघडेल अशी धास्ती वाटते आणि म्हणून जो घाईने एंटर दाबून मोकळा होतो, त्याच्या बाजूने हा कौल आधीच दिलेला असतो. अशी माणसे मी आयुष्यभर पाहत आलो आहे, त्यामुळे हा निर्णय ज्याने कोणी घेतला त्याच्याविषयी मला आदर वाटतो.

पण सगळ्यांची रीत अशी नाही. रेड हॅट आणि फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालींच्या जगात पॅकेजे बसवणारा आरपीएम मुळात कोणालाच काही विचारत नाही. बसवताना संवाद नको, हे तेथील जुने तत्त्व आहे. फाइलचे काय करायचे हे पॅकेज बांधणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. त्याने फाइलवर 'नोरिप्लेस'ची खूण केली असेल, तर तुमची प्रत राहते आणि नवी प्रत शेजारी आरपीएमन्यू या शेपटासह ठेवली जाते. ती खूण नसेल आणि दोन्हींकडे बदल झाले असतील, तर नवी प्रत बसते आणि तुमची प्रत आरपीएमसेव्ह होऊन बाजूला जाते. आर्च लिनक्सचा पॅकमॅनही न विचारता पॅकन्यू फाइल ठेवून पुढे जातो आणि नंतर ती मिळवून घेण्याचे काम तुमच्यावर सोपवतो. शेकडो सर्व्हर एका वेळी सांभाळणाऱ्याला हेच योग्य वाटेल, आणि त्याचे म्हणणे खोडून काढता येत नाही. हजार यंत्रे रात्री एका प्रश्नापाशी थांबली तर सकाळी त्याची नोकरी राहणार नाही. आमच्या वाचनालयात यंत्र एकच आहे. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी की विचारले गेले म्हणून वाचले जाते असे नाही. दरवेळी एन, एन, एन करत आलेल्या यंत्रांवर मी डीपीकेजी-डिस्ट शेपटाच्या फाइलींची रांग पाहिलेली आहे. प्रत्येकीत त्या त्या वेळच्या सुधारणा, आणि एकही कोणी उघडलेली नाही. जुने जपण्याची सवय लागली की नव्यात काय आले हे पाहण्याची इच्छा उरत नाही, आणि जपलेल्या फाइलीत कधीकाळी रद्द झालेले पर्याय साचत राहतात.

काढून टाकलेल्या पॅकेजांची गोष्ट याहून मजेशीर आहे. डीपीकेजीला यादी मागितली की काही नावांच्या आधी आरसी अशी दोन अक्षरे दिसतात: पॅकेज गेले, कॉन्फिग मात्र शिल्लक. एका शाळेच्या यंत्रावर मला अशी लांबलचक यादी दिसली होती. कोणत्या तरी प्रशिक्षणासाठी बसवलेला वेब सर्व्हर, कधी तरी प्रयोग म्हणून आणलेला मेल सर्व्हर, आता त्या शाळेत नसलेल्या शिक्षकांनी घातलेले पत्ते आणि पोर्टचे आकडे. प्रोग्राम नाही, पण त्याच्यासाठी केलेली व्यवस्था जशीच्या तशी. ती समूळ काढून टाकायची आज्ञा एका ओळीची आहे. मुख्याध्यापक म्हणाले, "राहू द्या, काय जागा खायलंय थोडंच." जागा खात नव्हतेच. नंतर त्यातले एक पॅकेज पुन्हा लागले तेव्हा ते जुन्या सगळ्या सेटिंगसह उठून बसले, आणि ते सोयीचे झाले की अडचणीचे, यावर शिक्षकांच्या खोलीत दोन मते होती.

ईटीसीच्या फाइलींवर एवढा खल होतो, पण एक जागा अशी आहे जिथे पॅकेज पाऊलही टाकत नाही. ती म्हणजे प्रत्येक वापरकर्त्याची होम डिरेक्टरी. फायरफॉक्सचे बुकमार्क, लिबरऑफिसचा आवडीचा फाँट, टर्मिनलचा रंग, हे सगळे तिथल्या टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलींत आणि डॉटकॉन्फिग डिरेक्टरीत असते, आणि पॅकेज बसवा, काढा, समूळ काढा, त्याला धक्का लागत नाही. नव्या वापरकर्त्याचे खाते उघडताना ईटीसीमधील स्केल डिरेक्टरीतल्या फाइली एकदा त्याच्या घरात उतरवल्या जातात. त्यानंतर स्केलमध्ये काहीही बदला, आधीच्या घरांपर्यंत ते पोहोचत नाही. नांदेडजवळच्या एका माध्यमिक शाळेत हे मी अगदी जवळून पाहिले. तिथले मराठीचे सर टंकलेखन यंत्रावर शिकलेले. त्यांची बोटे जुन्या मांडणीवरच चालतात आणि त्यांना ती बदलायची नाही. संगणकाच्या बाईंनी मुलांना इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची प्रमाण मांडणी, शिकवलेली. आणि नव्याने रुजू झालेले दोघे-तिघे रोमन अक्षरे टाइप करून मराठी उमटवणारे. एकाच यंत्रावर, टायपिंगची मांडणी पुरवणाऱ्या एकाच आयबसवर, तीन प्रकारची मराठी तीन खात्यांत सुखाने नांदत होती. कळफलकाची पॅकेजे मध्यंतरी अद्ययावत झाली. एकाच्याही बोटांखालची अक्षरे हलली नाहीत. सगळ्यांना एकच मांडणी सक्तीची करावी अशी सूचना वरून आली होती आणि तांत्रिकदृष्ट्या ते शक्यही होते, कारण सेटिंग साठवणाऱ्या डीकॉन्फमध्ये अख्ख्या यंत्रासाठी मूल्ये ठरवून त्यांना कुलूप लावता येते. बाईंनी ते केले नाही. नव्या खात्यांसाठी इनस्क्रिप्ट हे सुरुवातीचे मूल्य ठेवले आणि कुलूप लावले नाही. सुरुवातीचे मूल्य देणे आणि सक्ती करणे यांतला फरक त्यांना कोणत्याही पुस्तिकेशिवाय कळलेला होता.

वाचनालयाच्या बाबतीत ताईंनी एन दाबला आणि अपग्रेड पुढे सरकले. ते संपल्यावर मी लॉगिनडीची मूळ फाइल जशी आली होती तशी करून टाकली आणि ती एक ओळ, तिच्या वरच्या मराठी ओळीसह, लॉगिनडी.कॉन्फ.डी या डिरेक्टरीतल्या वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवली. सिस्टमडीची ही सोय मला फार शहाणपणाची वाटते. पाठवणाऱ्याची फाइल पाठवणाऱ्याची, तुमची फाइल तुमची. दोन्ही वाचल्या जातात आणि वाद झाला तर तुमचे म्हणणे चालते. पुढच्या वेळी नवी प्रत आली तर ती विनातक्रार बसेल, कारण तिला कोणी हातच लावलेला नसेल. गेल्या काही वर्षांत बऱ्याच प्रोग्रामांनी हीच पद्धत स्वीकारली आहे, आणि ती रूढ होत जाईल तसा तो रात्रभर थांबणारा प्रश्न कमी कमी दिसत जाईल.

तो दिसेनासा होईल याचे मला थोडे वाईटही वाटते, हे कबूल करायला हरकत नाही. तो प्रश्न आला म्हणून ताईंनी डी दाबला, डी दाबला म्हणून ती मराठी ओळ वर आली, आणि ती वर आली म्हणून झाकणाचे गुपित आम्हा दोघांना कळले. आता ती ओळ तिच्या वेगळ्या फाइलीत सुरक्षित आहे, आणि सुरक्षित असल्यामुळेच ती कोणाच्या नजरेला पडण्याचे कारण उरलेले नाही. पुढे त्या पर्यायाचे नाव बदलले किंवा तो काढून टाकला गेला, तर सिस्टमडी लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या रोजनिशीत, एक इशारा लिहील आणि ओळ सोडून पुढे जाईल. वाचनालयात लॉग कोण उघडून बघणार? सिस्टमडी-ॲनलाइझ कॅट-कॉन्फिग अशी एक आज्ञा आहे, तिला लॉगिनडीच्या फाइलीचे नाव दिले की मूळ फाइल आणि तिच्या जोडीला आपण ठेवलेल्या छोट्या फाइली एकापाठोपाठ दिसतात. ती मी ताईंना लिहून दिली. त्यांनी ती देवघेवीच्या जाड वहीच्या शेवटच्या पानावर, गॅसच्या नंबराखाली उतरवून घेतली आणि विचारले, "सर, पण हे कधी चालवायचं? काही विचारल्यावर, का आपणहून?" आपणहून, असे मी सांगितले. "मग कुणाच्या ध्यानात राहणार," त्या म्हणाल्या, आणि समोर पुस्तक घेऊन उभ्या असलेल्या माणसाची पावती करायला लागल्या.